पश्चिमेच्या भिंतीवरचं एल्कचं शिंग : सोलापुरातल्या एका महाविद्यालयीन संग्रहालयाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापुरातल्या एका जुन्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात एल्कच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या हरणाच्या, शिंगांची एक जोडी आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका माजी विद्यार्थ्याने सुमारे २० वर्षांपूर्वी ती भेट दिली. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की दोन्ही शिंगं माँटानातल्या एका खासगी कुरणावर, एकमेकांपासून वीसेक पावलांवर, एकाच वसंतात गळून पडलेली सापडली आणि जागामालकाच्या परवानगीने उचलली. आवक नोंदवहीत एकच ओळ आहे : ‘एल्कची शिंगे, नग २, एकत्रित वजन ७.८ किलो, रंग तपकिरी’. फोटो नाही.

पुढे विभाग नव्या इमारतीत गेला तेव्हा काचेच्या कपाटाची फळी चार फुटांची निघाली. तिच्यावर एकच शिंग मावलं. डावं कपाटात गेलं. उजवं शोभेसाठी पोर्चच्या भिंतीवर दोन लोखंडी पट्ट्यांनी ठोकलं गेलं आणि तिथे ११ वर्षं राहिलं. ही भिंत पश्चिमेला तोंड करून आहे. दुपारी दोनपासून सूर्य मावळेपर्यंत शिंगाच्या वरच्या बाजूवर थेट ऊन, आणि पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येणारी झड.

मराठीत ‘शिंग’ हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना लागतो, म्हणून आधी तो घोळ मिटवू. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर दिसणाऱ्या काळवीटाचं शिंग म्हणजे आत हाडाचा गाभा आणि वर नखासारख्या केराटिनचं कवच. ते जन्मभर टिकतं, गळत नाही. सांबर, चितळ, एल्क यांचं शिंग नुसतं हाड असतं, वर कवच नाही, आणि ते ठरावीक काळाने गळून नवं येतं. एल्कचं शिंग वसंतात वाढायला लागतं, ऐन भरात रोज दोन-अडीच सेंटिमीटर वाढतं, ऑगस्टमध्ये वरची मखमली कातडी सुटते, सप्टेंबरात नरांच्या झुंजी होतात आणि पूर्ण वाढलेल्या नराचं शिंग साधारण मार्च-एप्रिलमध्ये पडतं. म्हणजे इतकं मोठं हाड वर्षभरही डोक्यावर राहत नाही.

अडचण

एप्रिलमध्ये पोर्चला रंग द्यायचा म्हणून उजवं शिंग खाली उतरवलं गेलं. उतरवताना चौथ्या फाट्याजवळची चार सेंटिमीटरची एक ढलपी निखळून पडली. वरची बाजू खडूसारखी पांढरी झाली होती. तिच्यावर काळं फडकं फिरवलं की फडक्यावर पांढरी भुकटी यायची. मुख्य दांड्यावर लांबीच्या दिशेने भेगा होत्या, सर्वांत मोठी दोन मिलिमीटर रुंद आणि सहा मिलिमीटर खोल. शिंगावर चुन्याचे शिंतोडे, कबुतरांची विष्ठा आणि पट्ट्यांच्या कडेला गंजाचे ओघळ होते.

डिसेंबरमध्ये मूल्यांकन समिती येणार होती. प्राचार्यांचं म्हणणं सरळ होतं : जोडी एकसारखी दिसली पाहिजे. पॉलिशच्या कारागिराने शिंग हातात घेऊन सांगितलं, “सर, दोन हात मारतो, नव्यासारखं करून देतो.” त्याच दुपारी प्रयोगशाळेतल्या सेवकाने चांगल्या हेतूने सर्वांत खालच्या फाट्यावर बेलतेल, म्हणजे जवसाचं तेल, चोळलं. घरातली दारं-खिडक्या आपण त्यानेच पुसतो, तेव्हा त्यात काही चुकतंय असं कोणालाच वाटलं नाही.

पहिला निर्णय : हात थांबवणं

विभागप्रमुखांनी तेलाचा डबा बंद करायला लावला. पूर्ण प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच ठरला. मग तीन दिवस शिंगाला हात न लावता फक्त नोंद झाली : चारही बाजूंचे फोटो, शेजारी फूटपट्टी आणि रंगाची तुलना करता यावी म्हणून करडं कार्ड; लांबी, बुडाचा घेर, प्रत्येक फाट्याची लांबी, वजन. डावं ११४ सेंटिमीटर आणि ३.९ किलो, उजवं ११२ सेंटिमीटर आणि ३.५ किलो.

दोन्ही मिळून ७.४, म्हणजे नोंदवहीपेक्षा ४०० ग्रॅम कमी. एवढी झीज उन्हापावसाने झाली असं लिहायचा मोह होतो. पण जुनं वजन स्प्रिंगच्या काट्यावर घेतलेलं होतं की तराजूत, ते नोंदलेलं नाही, आणि हाड हवेतला ओलावा घेतं-सोडतं, त्यामुळे एप्रिलचं आणि ऑगस्टचं वजन तसंही जुळत नाही. डाव्या-उजव्यातला फरकही मूळचा असू शकतो. एकाच नराची दोन शिंगं तंतोतंत सारखी नसतात. म्हणून अहवालात आकडे लिहिले, कारण लिहिलं नाही.

फोटो काढताना एक गोष्ट दिसली आणि पुढचा सगळा विचार तिच्यावर उभा राहिला. लोखंडी पट्टी जिथे शिंगाला आवळून बसली होती, तिथे अडीच सेंटिमीटर रुंदीचा एक पट्टा अजून गडद तपकिरी होता, अगदी कपाटातल्या शिंगासारखा. त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरं. घड्याळाच्या पट्ट्याखाली मनगटाचा रंग राहतो तसा. भिंतीकडची बाजूही बरीचशी तपकिरीच होती. म्हणजे वय सारखं, पाऊस जवळपास सारखा, फरक मुख्यतः उन्हाचा.

ओळख पटवणं आणि कायदा

दुरुस्तीआधी दुसरा प्रश्न सोडवावा लागला. आपल्याकडे सांबरशिंग उगाळून लावायची पद्धत जुनी आहे आणि मृगशृंगाचं भस्म आयुर्वेदात येतं, त्यामुळे अशी वस्तू घरात असणं अनेकांना साधं वाटतं. पण १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात ‘ट्रॉफी’च्या, म्हणजे वन्यप्राण्याच्या जपून ठेवलेल्या अवयवाच्या, व्याख्येत शिंगं येतात, आणि सांबर-चितळाचं शिंग आपोआप गळलेलं असलं तरी ते उचलून बाळगता येत नाही. म्हणून जोडी भारतीय हरणाची नाही हे लेखी असणं गरजेचं होतं.

सांबर आणि चितळ लगेच बाजूला पडतात. त्यांच्या शिंगाला सहसा तीन टोकं असतात. इथे प्रत्येक बाजूला सहा. खरा घोळ काश्मीरच्या हांगुलशी होऊ शकतो, कारण तो एल्कचा जवळचा नातेवाईक आहे आणि त्यालाही पाच किंवा जास्त टोकं असतात. इथे चौथा फाटा सर्वांत मोठा, त्यानंतर दांडा मागे वळलेला आणि एकूण लांबी मीटरच्या वर; ही एल्कची ठेवण. हांगुलचा दांडा आतल्या बाजूला जास्त कमानदार असतो. बुडाची तपासणीही केली. बुडाभोवतीचं हाडाचं कडं पूर्ण होतं आणि त्याखालचा भाग खरखरीत, किंचित फुगीर, बटणासारखा होता. शिंग गळताना कवटीच्या खुंटाजवळचं हाड पेशी आतून पोखरतात आणि जोड सुटतो, त्याची ही खूण. मारून कापलेल्या शिंगाला करवतीचे वळ किंवा कवटीचा तुकडा असतो.

मोजमापं, फोटो आणि देणगीदाराच्या पत्राची प्रत वन विभागाला लेखी कळवली आणि पोच फाईलला लावली. यात सहा आठवडे गेले. ते कारणी लागले, कारण घाईने काम सुरू करण्याची सोयच उरली नाही.

रंग येतो कुठून, जातो कुठे

पर्याय तोलायच्या आधी हे समजून घेणं भाग होतं, आणि ‘जोडी एकसारखी करा’ या मागणीचं उत्तरही यातच होतं.

मखमली कातडी सुटते तेव्हा एल्कचं शिंग खाली हाडाच्या रंगाचंच असतं, वर रक्ताचे डाग. नर ते झाडाझुडपांवर घासतो. सालीतला चीक आणि टॅनिन हे तुरट द्रव्य, सुकलेलं रक्त, माती यांचा थर खडबडीत पृष्ठभागात मुरतो आणि तपकिरी रंग चढतो. टोकं सतत घासली जाऊन गुळगुळीत आणि फिकी राहतात. कोणत्या झाडावर घासलं यावर छटा ठरते. झाडं नसलेल्या वाड्यात पाळलेल्या एल्कची शिंगं म्हणूनच बरेचदा फिकट असतात. कातडं कमावताना बाभळीची साल जे काम करते, तेच इथे जिवंत जनावर स्वतःच करत असतं.

हा रंग किती वरवरचा असतो ते कपाटातल्या डाव्या शिंगाने दाखवलं. त्याच्या तिसऱ्या फाट्याच्या टोकाला उंदरासारख्या प्राण्याने कुरतडल्याचे जोडीजोडीने समांतर चर आहेत. रानात पडलेली शिंगं कॅल्शियम-फॉस्फरससाठी उंदीर, खारी, साळिंदर कुरतडतात. चरांच्या आत हाड मलईसारखं फिकट आहे आणि कडेला लगेच गडद तपकिरी. रंगाची जाडी नखाएवढीही नाही. आणि चर फिकट आहेत याचाच अर्थ कुरतडणं शिंग गळल्यानंतरचं. डोक्यावर असताना झालं असतं तर घासून घासून चरांतही रंग भरला असता.

गळल्यावर पहिले काही महिने शिंग तपकिरी राहतं. अमेरिकेत शिंगं विकत घेणारे त्याला पहिली प्रत देतात. मग वरची बाजू विटते. ही दुसरी प्रत, पांढरी पण टणक. शेवटी ‘खडू’. किती वर्षांत काय होईल हे जागेवर असतं. दाट सावलीत रंग बराच टिकतो, ओल असेल तर हिरवं शेवाळ चढतं. उघड्या कोरड्या माळावर एखाद्या हंगामातच वरची बाजू पांढरी पडते. थंडी मात्र सगळंच लांबवते. अलास्काच्या आर्क्टिक भागात जमिनीवर पडलेली कॅरिबू या हरणाची काही शिंगं ३,००० वर्षांहून जुनी निघाली आहेत. सोलापूरचं ऊन हे त्याचं दुसरं टोक.

उन्हातले अतिनील किरण दोन कामं करतात. आधी टॅनिनचा रंग मोडतो. मग कोलॅजन हे हाडातलं तंतुमय प्रथिन तुटायला लागतं. शिंगाच्या वजनात निम्म्याहून जास्त खनिज असतं आणि उरलेलं मुख्यतः कोलॅजन. खनिज कडकपणा देतं, कोलॅजन चिवटपणा. कोलॅजन गेलं की खनिजाचे कण एकमेकांना धरून ठेवायला कोणी उरत नाही, ते भुकटी होऊन हाताला लागतात. त्यावर कोरडं-ओलं-कोरडं हे चक्र. मे महिन्यात दुपारी सोलापूरची हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. ऑगस्टमध्ये कपडे वाळत नाहीत. शिंग दर वर्षी आक्रसतं आणि फुगतं, आणि तंतूंच्या दिशेने, म्हणजे लांबीत, तडकतं. पोर्चच्या भिंतीचं तापमान मे महिन्यात दुपारी चार वाजता इन्फ्रारेड थर्मामीटरने ५४ अंश आलं.

जीवाश्मशास्त्रज्ञ के बेहरेन्समायर यांनी केनियातल्या अंबोसेलीत केलेल्या कामावरून १९७८ साली हाडांच्या झिजेचे शून्य ते पाच असे टप्पे मांडले. शिंगाला ते जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण वर्णनाला उपयोगी पडतात. या एकाच शिंगावर पट्टीखाली आणि भिंतीकडे टप्पा शून्य, खालच्या बाजूला केसासारख्या भेगा म्हणजे एक, आणि वरच्या बाजूला पापुद्रे सुटणारा दोन, असे तीन टप्पे शेजारी शेजारी होते.

पर्याय

पहिला पर्याय बेलतेलाचा. शिंगं विकणारे पांढऱ्या मालाला ते लावतात आणि रंग लगेच खुलतो. पण जवसाचं तेल वाळतं म्हणजे उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचं पिवळट कातडं बनतं. भुसभुशीत जागी ते जास्त मुरतं, टणक जागी कमी, म्हणून चट्टे पडतात. धूळ चिकटते. एकदा वाळलं की हाडाला धक्का न लावता काढता येत नाही. शिवाय या तेलाचे बोळे चुरगळून डब्यात टाकले तर स्वतःच तापून पेट घेऊ शकतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही भीती कागदावरची नव्हे. असे बोळे पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवून ठेवावेत.

दुसरा, कारागिराने सुचवलेला पोटॅशियम परमँगनेट. जांभळं पाणी लावायचं, काही मिनिटांत मँगनीज डायऑक्साइड बनून तपकिरी छटा येते. पेंढा भरलेली जनावरं सजवणारे हे सर्रास करतात. टणक पांढऱ्या शिंगावर ते बरं दिसतंही. अडचण अशी की परमँगनेट स्वतःच जोरदार ऑक्सिडीकारक आहे, म्हणजे उरलेल्या कोलॅजनवरच घाव. नको झालं तर काढायला आम्ल लागतं, आणि आम्लात हाडाचं खनिज विरघळतं. याच कारणाने गंजाच्या डागांवर लिंबू किंवा चिंच लावायची सूचना नाकारली गेली. पितळेची भांडी घासायची रीत हाडाला चालत नाही.

तिसरा पर्याय, काहीच न करता आत ठेवणं. झीज थांबली असती, पण सुटलेले पापुद्रे दर हाताळणीत गळत राहिले असते. चौथा, रंगाला हात न लावता फक्त भुसभुशीत भाग बांधून घेणं आणि दोन्ही शिंगं शेजारी मांडणं.

निर्णय तर्कावर सोडला नाही. निखळलेल्या ढलपीतून नखाएवढे तीन तुकडे घेतले. एकावर परमँगनेट, दुसऱ्यावर काताचं पाणी, तिसऱ्यावर भुसभुशीत भाग बांधणाऱ्या पॅरालॉइड बी-७२ या रेझिनचं पाच टक्के द्रावण. परमँगनेटच्या तुकड्याच्या भेगा काळ्या झाल्या आणि मधला भाग विटकरी. जुन्या लाकडावर शाई सांडल्यासारखं दिसत होतं. काताचा रंग सुंदर आला, पण ओल्या कापसाने पुसताना निम्मा उतरला आणि सोबत पांढरी भुकटीही. तिसरा तुकडा किंचित गडद झाला, एवढंच, आणि काळ्या फडक्यावर काही सुटलं नाही. हे तीन तुकडे एका कार्डावर चिकटवून प्राचार्यांसमोर ठेवले. चौथा पर्याय पाच मिनिटांत मंजूर झाला.

प्रत्यक्ष काम

सुरुवात तेलापासून. मधल्या दिवसांत नुसती वाट पाहिली नव्हती. लावल्यापासून नवव्या दिवशीच कापसाच्या बोळ्याने मिनरल टर्पेंटाइन टिपत तेल ओढून काढलं होतं. घासायचं नाही, बोळा टेकवायचा आणि उचलायचा, प्रत्येक वेळी नवा. बरंचसं निघालं. सात सेंटिमीटरचा एक मधाळ डाग उरला, तो कायमचा.

सफाई मऊ ब्रशने, मग डिस्टिल्ड पाणी आणि इथेनॉल निम्मं-निम्मं घेऊन जेमतेम ओलावलेल्या बोळ्याने. भिजवणं नाही, नळाखाली धरणं नाही, वाळवायला उन्हात ठेवणं नाही. चुन्याचे शिंतोडे भिंगाखाली बांबूच्या टोकदार काडीने टिचकी मारून उडवले. जिथे चुना निघताना पापुद्राही हलला, तिथे तो तसाच ठेवला. गंजाचे ओघळही ठेवले.

पॅरालॉइडच्या बाबतीत सोलापूरच्या हवेने दोनदा धडा दिला. बी-७२ हे ॲक्रिलिक रेझिन आहे. १०० मिलिलिटर ॲसिटोनमध्ये ५ ग्रॅम दाणे मलमलीच्या पुरचुंडीत बांधून, बरणीत लटकत ठेवले की रात्रभरात विरघळतात. तळाला टाकले तर गोळा होतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी, खोलीत ३९ अंश असताना पहिला हात मारला गेला. ॲसिटोन आत शिरायच्या आधीच उडालं, रेझिन वरच राहिलं आणि शिंगावर नेलपॉलिशसारखी चकाकी आली. आत भुसभुशीतपणा तसाच. तो भाग ॲसिटोनच्या बोळ्यांनी पुन्हा विरघळवून काढावा लागला. काढता आला, हाच या पदार्थाचा गुण.

ऑगस्टमध्ये दुसरा प्रयत्न. आता गारवा होता, पण दमटही. ॲसिटोन उडताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर हवेतलं पाणी साचतं आणि रेझिन दुधाळ होतं. दोन तळहातांएवढ्या भागावर पांढुरकी साय आली. पुन्हा थांबावं लागलं.

काम झालं ते ऑक्टोबरच्या अखेरीस, पाऊस सरल्यावर, सकाळी सात ते नऊ या वेळात. ॲसिटोनमध्ये एक चतुर्थांश इथेनॉल मिसळून उडण्याचा वेग कमी केला. आधी भाग नुसत्या द्रावकाने ओला करायचा, मग दोन टक्क्यांचं द्रावण बारीक ब्रशने भेगेच्या तोंडाशी थेंबथेंब सोडायचं, ते स्वतः आत ओढलं जातं. दोन टक्क्यांचे दोन हात, मग पाच टक्क्यांचा एक. प्रत्येक हातानंतर शिंगावर पॉलिथिनचा सैल तंबू, म्हणजे द्रावक सावकाश उडतं. खिडक्या उघड्या, जवळपास ज्योत किंवा ठिणगी नाही, हातात नायट्राइल मोजे. एकूण सुमारे ३५ ग्रॅम दाणे आणि, चुकलेल्या प्रयत्नांसह, दीड लिटर द्रावक लागलं.

एक गोष्ट आधीच लक्षात यायला हवी होती. बी-७२ चाळीस अंशांच्या आसपास मऊ पडतं. थंड देशांतल्या संग्रहालयांना याचं काही वाटत नाही. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत बंद खोली सहज तिथवर जाते. पातळ द्रावणाने बांधलेल्या भुकटीला फार धोका नाही, फक्त धूळ चिकटू शकते. पण ढलपी जोडायला तेच वापरलं असतं तर सांधा हळूहळू घसरला असता. म्हणून तिथे तीन भाग बी-७२ला एक भाग पॅरालॉइडचाच दुसरा प्रकार, बी-४८एन, मिसळला. बी-४८एन ५० अंशांच्या आसपास मऊ पडतं, त्यामुळे मिश्रणाची उष्णता सोसण्याची ताकद थोडी वाढते. तरीही वजन सांध्यावर पडू नये म्हणून त्या फाट्याखाली पॉलिथिन फोमचा कोरून बसवलेला आधार दिला. चाचणीचे तुकडे ज्या ठिकाणाहून घेतले ती पोकळी भरली नाही.

निष्पन्न

आता दोन्ही शिंगं उत्तरेकडच्या भिंतीलगत, साडेचार फुटी नव्या काचपेटीत वर-खाली मांडली आहेत. खिडकीच्या काचेला अतिनील किरण अडवणारी फिल्म, आत एलईडी, तोही पाहणारा आल्यावरच लागतो. पेटीत तापमान-आर्द्रतेचा छोटा डिजिटल मीटर आहे. सुटीत पेटीवर प्लास्टिक न टाकता सुती सोलापुरी चादर टाकतात. प्लास्टिकखाली ओल कोंडते आणि सप्टेंबरात बुरशी धरते.

उजवं शिंग असं फिरवून ठेवलंय की पट्टीखालचा तपकिरी पट्टा समोर येतो. त्याच्या शेजारच्या पाटीवर तीनच ओळी : हा रंग झाडाच्या सालीचा, हा पांढरेपणा अकरा वर्षांच्या उन्हाचा, आणि हा मधाळ डाग आपण लावलेल्या तेलाचा. मुलं सर्वांत जास्त वेळ या पट्ट्यासमोर थांबतात. एकाच जनावराची दोन शिंगं, एक सावलीत आणि एक उन्हात राहिलेलं. हा प्रयोग कोणी मुद्दाम करायला गेलं असतं तर ११ वर्षं थांबावं लागलं असतं. रंग देऊन जोडी जुळवली असती तर तो पुसला गेला असता, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं असतं.

काय वेगळं करता आलं असतं

फळी सहा इंच लांब करायला सुताराचा एक दिवस लागला असता. ते ११ वर्षांपूर्वी झालं असतं तर हे प्रकरणच घडलं नसतं. बाहेर टांगायचंच होतं, तर उत्तरेची भिंत आणि लोखंडाऐवजी फेल्ट लावलेली पितळी पट्टी पुरेशी होती.

आवक होतानाच चार फोटो आणि प्रत्येक शिंगाचं वेगळं वजन, कोणत्या काट्यावर ते लिहून, नोंदलं असतं तर ४०० ग्रॅमचा प्रश्न आज अनुत्तरित राहिला नसता. तेल लावणाऱ्या सेवकाला आधी कोणी काही सांगितलंच नव्हतं. आता कपाटाच्या दाराच्या आत एक कागद चिकटवला आहे : ब्रशखेरीज काही वापरू नये, पडलेला तुकडा फेकू नये, तारीख घालून पाकिटात ठेवावा.

पॅरालॉइडचे दोन फसलेले प्रयत्न टाळता आले असते. नखाएवढ्या तुकड्यावर यशस्वी झालेली चाचणी वातानुकूलित प्रयोगशाळेत केली होती, काम मात्र बिनपंख्याच्या भांडारखोलीत झालं. चाचणी त्याच खोलीत, त्याच वेळी, तळहाताएवढ्या भागावर व्हायला हवी होती. आणि मूल्यांकनाच्या तारखेला बांधून काम आखलं नसतं तर जूनमध्ये ब्रश उचललाच नसता. समितीच्या भेटीपर्यंत पेटी तयार झाली, पण ढलपीचा सांधा तेव्हा नीट वाळलेला नव्हता. त्या दिवशी ती बाजूला कापसात ठेवली होती.

पुढच्या मे महिन्यात पेटीतला मीटर सर्वाधिक ३८ अंशांवर गेला. जूनमध्ये पेटी उघडून पाहिलं तेव्हा सांधा सरकलेला नव्हता. वरच्या बाजूवर काळं फडकं फिरवल्यावर एका जागी, चौथ्या फाट्याच्या बगलेत, रुपयाएवढा पांढरा ठसा उमटला. तिथे द्रावण पोचलं नव्हतं. ऑक्टोबरमध्ये तेवढ्याच जागी दोन टक्क्यांचा आणखी एक हात द्यायचं ठरलं आहे.